बॉनेट उघडायला घाबरू नका

आपल्या वस्तीत चारचाकी येते ती बहुतेक वेळा दुसऱ्याची वापरून झालेली. कल्याण पूर्वेला, डोंबिवलीत, कळव्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटकडच्या चाळींपुढे संध्याकाळी एक फेरी मारा. जुनी मारुती 800, अल्टो, वॅगन आर, ओम्नी अशाच गाड्या उभ्या दिसतील. कुणी पतपेढीचे कर्ज काढलेले असते, कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली असते. पहिल्या दिवशी गाडीला हार घालतात, शेजारीपाजारी पेढे खातात. सहा-आठ महिने बरे जातात. मग एके दिवशी गॅरेजवाला जो आकडा सांगतो तो ऐकून घरातले सगळे गप्प होतात, आणि पुढच्या दिवाळीच्या आत गाडी विकलेली असते. गाडी वाईट होती म्हणून नव्हे, तर घरात एकानेही तिचे बॉनेट कधी उघडले नाही म्हणून.

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. आमच्या घरीही तेच झाले असते. आमची जुनी मारुती 800 घेऊन आम्ही कल्याणहून मुरबाडमार्गे गावी निघालो होतो. माळशेज घाटात काटा लाल रेघेवर गेला. मी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडले आणि फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. आतले उकळते पाणी कारंजासारखे वर उडाले. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे. नशीब की तोंड वाकवून पाहत नव्हतो आणि मुले मागच्या सीटवर होती. परत आल्यावर एका गॅरेजवाल्याने सांगितले, इंजिन खोलावे लागेल. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती.

आमच्या शेजारी एक काका राहतात. त्यांची हयात कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात गेली. ज्या पद्मिनी गाड्या पुढे मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावल्या, त्या याच कारखान्यातल्या. काकांनी किती इंजिने जोडली याचा हिशेब त्यांनाही नाही, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. जन्मभर लोकलने गेले-आले. प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्या डोंबिवलीजवळ होता. 1990 च्या दशकात तिथे प्यूजो 309 ही गाडी तयार होत असे. आता दोन्ही ठिकाणची यंत्रे थांबली. शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पण ती इंजिने ज्या हातांनी जोडली ते हात आपल्याच चाळींत आहेत आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.

मी काकांना विचारले. ते म्हणाले, “आज हात लावू नकोस. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी ये.” सकाळी त्यांनी पाच मिनिटे नुसते पाहिले. मग रेडिएटरच्या रबरी पाइपावर बोट फिरवून मला दाखवले. पाइपाची क्लिप ढिली होती आणि तिथून थेंब थेंब कूलंट गेले होते. स्क्रू ड्रायव्हरने क्लिप आवळली, कूलंट भरले, गाडी चालू करून अर्धा तास पाहिली. काटा मध्यावर थांबला. “इंजिनचा हेड वाचला तुझा. पुढच्या वेळी वाचेलच असे नाही,” एवढेच ते म्हणाले. मग दर रविवारी सकाळी त्यांनी मला शिकवले. तेच इथे सांगतो.

रविवारी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, सपाट जागी बॉनेट उघडा. आधी इंजिन ऑइल. पिवळ्या किंवा लाल कडीची पट्टी बाहेर ओढा, फडक्याने स्वच्छ पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून पाहा. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली गेले असेल तर थोडे थोडे घालून दर वेळी मोजा. वरच्या खुणेपलीकडे भरणेही वाईटच. ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नका, वापरलेले ऑइल काळेच होते. पण चहात दूध घातल्यासारखा पांढुरका रंग दिसला तर त्यात पाणी मिसळते आहे असे समजा. मग गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

कूलंटच्या बाटलीवरही दोन खुणा असतात. ती बाहेरून पाहूनच कळते, झाकण काढायचे काम नाही. दर आठवड्याला पातळी उतरत असेल तर गळती शोधा. नुसते पाणी ओतत राहणे म्हणजे आजार झाकणे. ब्रेक ऑइलची छोटी बाटलीही रोज पाहण्यासारखी आहे. तिची पातळी अचानक उतरली तर स्वतः भरून निघून जाऊ नका. ब्रेक ही घरी शिकण्याची वस्तू नाही.

टायरची हवा सकाळी, गाडी फार न चालवता, जवळच्या पंपावर मोजून घ्या. किती हवी ते गाडीच्या पुस्तकात असते, पुष्कळ गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरही चिकटवलेले असते. स्टेपनीत हवा भरायला बहुतेक जण विसरतात आणि मग भर रात्री घोडबंदर रोडवर दोन पंक्चर टायर घेऊन उभे राहतात. टायरच्या नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तिथे 1.6 मिलिमीटर खोली उरलेली असते आणि त्याखाली टायर वापरणे कायद्यालाही चालत नाही. पावसात कल्याण-शीळ रस्त्यावर असा टायर ब्रेक मारला तरी घसरत जातो.

दिव्यांचे काम मुलांना द्या. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागे उभे राहून ओरडायचे. आमच्याकडे यावरून भांडण होते, पण दिवे तपासून होतात.

हत्यारे फार लागत नाहीत. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक पकड, काही फिक्स पाने, चाकाचा पाना, जॅक, हवेचा छोटा मीटर, जुनी सुती फडकी आणि बॅटरी. सगळे हळूहळू घ्या. सुटे भाग स्वस्त मिळतात म्हणून अनेक जण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातात. काच, आरसा, दरवाजाचे हँडल तिथून आणायला हरकत नाही. ब्रेकचे पॅड, टायर आणि फिल्टर मात्र बिलासह ओळखीच्या दुकानातूनच घ्यावेत. नकली ब्रेक पॅडची पेटी खऱ्यासारखीच दिसते.

आता चाक बदलण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जीव जातो. गाडी सपाट, टणक जागी हवी. हँडब्रेक लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, समोरच्या बाजूच्या चाकामागे वीट किंवा दगड लावा. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा ढिले करा; गाडी उचलून जोर लावलात तर जॅक सरकतो. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. गाडी उचलल्यावर डोके, हात, पाय काहीही खाली घालू नका. सुटलेले चाक गाडीच्या खाली आडवे सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी त्या चाकावर बसेल. नवे चाक बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर लावा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

हे घरच्या बाईनेही एकदा करून पाहावे. आमच्या सौभाग्यवतीला सुरुवातीला नट हलेना. काका म्हणाले, “वहिनी, हाताने नको, पान्याच्या टोकावर पायाने दाब द्या.” पहिल्याच दाबाला नट सुटला.

वाचक विचारतील, ऑइल बदलणे घरी करावे का? माझे मत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. त्यासाठी गाडीखाली जावे लागते आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचे नसते. शिवाय चेंबरचा नट जास्त आवळून आटे घालवले तर दुरुस्ती महागात पडते. त्यापेक्षा पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचे ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घ्या, सीलबंद डबा घेऊन गॅरेजमध्ये जा आणि समोर उभे राहून बदलून घ्या. उरलेले ऑइल आणि जुना फिल्टर मागून पाहा. यात भांडण काही नाही. चांगला मेकॅनिक असे गिऱ्हाईक पाहून खूश होतो.

आणि जे जुने ऑइल निघते ते गॅरेजवाल्याकडेच राहू द्या, तो ते गोळा करून देतो. चाळीच्या गटारात एक थेंबही ओतू नका. डोंबिवलीकरांनी जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी 2020 मध्ये गुलाबी रस्ता पाहिला आहे. कारखान्यांवर बोट दाखवायचे तर आपली बोटे स्वच्छ हवीत.

एअर फिल्टर मात्र घरी बदलता येतो. डब्याच्या क्लिपा सोडवायच्या, जुना काढायचा, नवा त्याच बाजूने ठेवायचा. आपल्याकडच्या रस्त्यांच्या कामांची धूळ पाहता पुस्तकात सांगितल्याहून लवकर बदला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली तर आधी वजा चिन्हाची वायर काढा, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडे करून थोडे व्हॅसलीन लावा. जोडताना उलट क्रम, अधिक आधी. जवळ विडी-सिगारेट नको, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

सीएनजीच्या किटला आणि टाकीला हात लावू नका. टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी अधिकृत ठिकाणी करून घ्यावी लागते, ती तारीख लक्षात ठेवा. गॅसचा वास आला तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून गाडीपासून दूर व्हा.

पावसाळ्यापूर्वी वायपरच्या जाळीत साचलेली पाने काढा. पिंपळाखाली गाडी उभी राहत असेल तर दर आठवड्याला. पाणी जायची भोके बुजली की ते गाडीत शिरते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेटखाली नजर ठेवा. आणि 26 जुलै 2005 आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्याकडेही घरांसकट गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिले काम केले ते किल्ली फिरवण्याचे. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर आतले रॉड वाकतात. बुडालेली गाडी चालू करून पाहायची नसते, ओढत न्यायची असते.

राहिले कागद. पीयूसी आणि विमा वेळेवर हवा. गाडीला पंधरा वर्षे झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ठाण्याच्या एमएच 04 आणि कल्याणच्या एमएच 05 च्या पुष्कळ जुन्या गाड्या आता या वयाच्या झाल्या आहेत. जुनी गाडी घेताना ही तारीख आधी पाहा, रंग नंतर.

काकांनी मला एक शंभर पानी वही ठेवायला लावली. ती गाडीच्या खणातच असते. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय घातले, किती रुपये, एवढेच रकाने. गेल्या महिन्यात कूलंटच्या रकान्यात सलग दोन रविवारी “कमी” असे आले, तेव्हा मी थंड इंजिनावर बोट फिरवत बसलो. या वेळी क्लिप नव्हती, पाइपालाच बारीक चीर होती. नवा पाइप आणला आणि काकांना हाक मारली. ते नुसते खुर्चीवर बसून पाहत होते.