गळाला लागलेला मासा कुठल्या नदीचा?

दक्षिण आफ्रिकेत गोड्या पाण्यातल्या हौशी मासेमारीचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते बासचं. त्याच्यासाठी खास बोटी, क्लब आणि स्पर्धा; दुकानांत टांगलेले रबरी किडे आणि रंगवलेले प्लास्टिकचे मासे. एवढा पसारा पाहिल्यावर बास हा तिथला पिढीजात मासा असावा, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मोठ्या तोंडाचा बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. तो १९२८ मध्ये नेदरलँड्समधून आणला गेला आणि स्टेलेनबॉशजवळच्या जोंकर्सहूक मत्स्यबीज केंद्रात वाढवला गेला. लहान तोंडाचा बास १९३७ मध्ये आला, ठिपक्यांचा १९३९ मध्ये. आधी आणलेला ट्राउट थंड डोंगरी पाण्यातच तगत होता आणि खालच्या उबदार पाण्यात जोरकस झुंज देणारा मासा गळ टाकणाऱ्यांना हवा होता. बासला खाद्य मिळावं म्हणून १९३८ मध्ये ब्लूगिल हा आणखी एक अमेरिकी मासाही आणला गेला.

‘आणला तर आणला, त्यात बिघडलं काय? मोठा मासा छोट्याला खाणारच,’ हा दुसरा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडलेला. त्याचं उत्तर पश्चिम केप प्रांतातल्या सेडरबर्ग डोंगरातली रोंडेगाट ही छोटी नदी देते. ती क्लॅनविल्यम धरणाला मिळते. तिच्यात एक धबधबा आहे. लहान तोंडाचा बास धरणातून वर चढत आला आणि त्या धबधब्याशी अडला. परिणाम असा, की धबधब्याच्या वर लालसर परांचे रेडफिन, खडकांत राहणारा छोटा कॅटफिश आणि क्लॅनविल्यम यलोफिशची पिल्लं सुखाने नांदत होती. खालच्या पट्ट्यात मात्र हे छोटे देशी मासे जवळपास संपले होते. पाणी तेच, दगड तेच; फरक फक्त बासचा. या माशांची घडण मोठ्या शिकारी माशांच्या धाकात झालेलीच नव्हती. त्यांतले काही या खोऱ्याबाहेर जगात कुठेही आढळत नाहीत.

२०१२ आणि २०१३ मध्ये केपनेचर या प्रांतिक संस्थेने सुमारे चार किलोमीटरच्या पट्ट्यात रोटेनोन हे वनस्पतिजन्य औषध सोडून बास काढून टाकला. पट्ट्याच्या खालच्या टोकाला पोटॅशियम परमँगनेट घालून औषधाचा असर मारला. ‘नदीत विष कालवलं’ अशी ओरड झाली. काळजी समजण्यासारखी होती, कारण रोटेनोनने पाण्यातले कीटकही मरतात. पण कीटक बऱ्याच अंशी परतले आणि देशी मासे धबधब्यावरून उतरून रिकाम्या डोहांत पुन्हा वसले. अशा डोंगरी ओढ्यांतून बास निघालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोठ्या जलाशयांतून तो आता काढणं शक्य नाही. तिथे त्याच्यामागे जाण्यात काही गैर नाही.

मग देशी मासे ल्यूरला, म्हणजे नकली आमिषाला, लागत नाहीत का? लागतात, आणि काय लागतात! ऑरेंज आणि वाल नद्यांच्या खोऱ्यातला मोठ्या तोंडाचा यलोफिश वयात आल्यावर मासे खातो आणि वाहत्या पाण्यात खोल जाणाऱ्या ल्यूरवर तुटून पडतो. तो फार सावकाश वाढतो. हाताएवढा मासा तयार व्हायला कितीतरी वर्षं गेलेली असतात, म्हणून तो पाण्यात परत सोडावा. मराठी वाचकाला हा मासा अगदीच परका नाही: यलोफिश आणि आपला महाशीर एकाच गटातले. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये ज्याचं वर्णन केलं तो दख्खनी महाशीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेचा.

टायगरफिश या दुसऱ्या देशी शिकारी माशाबद्दल दंतकथा अनेक, आणि त्यांतली एक खरी निघाली. हा मासा उडणारे पक्षी पकडतो, असं कोळी आणि शिकारी १९४०च्या दशकापासून सांगत होते. विश्वास फारसा कोणी ठेवला नाही. मापुंगुब्वे राष्ट्रीय उद्यानातल्या श्रोडा धरणावर संशोधक या माशांना रेडिओ टॅग लावून त्यांच्या हालचाली टिपत होते. तिथे २०११ मध्ये त्यांना टायगरफिश पाण्याबाहेर झेपावून उडत्या माळभिंगऱ्या धरताना दिसला. चित्रफीत निघाली, २०१४ मध्ये शोधनिबंध आला. कधी तो पृष्ठभागाखालून पाठलाग करून उडी घेई, कधी खोलातून थेट झेप. म्हणजे जुन्या लोकांचं म्हणणं ऐकीव म्हणून झटकून टाकणं हाही एक गैरसमजच होता. दुसरी दंतकथा मात्र चुकीची: झांबेझी नदी आणि करिबा सरोवरातला हा टायगरफिश म्हणजे काँगो नदीतला तो राक्षसी टायगरफिश नव्हे. ती वेगळी, कितीतरी मोठी जात. दात मात्र याचेही असे, की पोलादी तारेचा तुकडा न लावता ल्यूर टाकला तर दोरी तुटलीच म्हणून समजा.

आता खुद्द ल्यूरकडे. मासा भूक लागली तरच तोंड मारतो, ही समजूत अर्धवट आहे. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी राखतो. जवळ येईल त्या वस्तूवर तो भूक नसतानाही धावून जातो. त्याला तेव्हा उचलून बोटीत घेतलं, की मागे ब्लूगिल अंडी फस्त करतात. दक्षिण गोलार्धात हा काळ साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरचा. अमेरिकी व्हिडिओंतले एप्रिल-मेचे सल्ले तिथे चालत नाहीत. हिवाळ्यात बास खातच नाही, हेही खरं नाही. गार पाण्यात त्याचं शरीर मंदावतं, तो खोल उतारांच्या कडेला बसतो आणि अगदी हळू सरकणारं आमिष घेतो.

रंगांवर पैसा फार जातो. प्रयोगांत असं दिसलं, की बासच्या डोळ्यांत लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या पेशी आहेत. निळा आणि काळा, किंवा झगमगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा, यांत तो सहज गोंधळतो. गढूळ पाण्यात तर अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणारी थरथर जास्त कामाची. काठावर बोलल्याने मासे पळत नाहीत, कारण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांशी परततो. पाय आपटल्याचे आणि बोटीत डबा पडल्याचे धक्के मात्र थेट पोचतात.

‘सोडला म्हणजे वाचला’ हेही तितकंसं खरं नाही. जड बास नुसत्या खालच्या जबड्याला धरून आडवा उचलला तर जबड्याच्या सांध्याला इजा होते. दुसरा हात पोटाखाली हवा. हात आधी ओले करावेत, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर आकडा पटकन सुटतो. फार खोलातून झटकन वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि तो कुशीवर तरंगत राहतो.

शेवटचा गैरसमज असा, की मासा देशातलाच असला तर तो देशात कुठेही सोडायला हरकत नाही. धारदार दातांचा कॅटफिश, ज्याला तिथे बार्बेल म्हणतात, ऑरेंज नदीचा देशी. १९७५ मध्ये ऑरेंज-फिश बोगदा सुरू झाला आणि त्यातून तो पूर्व केपच्या नद्यांत शिरून परका शिकारी ठरला. हाच मासा आपल्याकडे थाई मांगूर म्हणून चोरून वाढवला जातो. भारतात त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे आणि महाराष्ट्रात त्याची तळी मत्स्यव्यवसाय विभागाला उद्ध्वस्त करावी लागली आहेत.

तेव्हा दक्षिण आफ्रिकेत गळ टाकायला जाणार असाल, तर त्या प्रांताचा मासेमारी परवाना काढा, कुठल्या पाण्यात कुठला मासा मूळचा हे आधी विचारून घ्या, आणि जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कधीही नेऊ नका.