नळदुर्गचा पूल हाती येईपर्यंत

निजामाचं राज्य पाच दिवसांत संपलं, हे आमच्या शिरूर अनंतपाळात १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला आलेलं पोरही सांगेल. मी गणित शिकवते. मला त्या पाचांतला पहिला दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो.

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरहून हैदराबादकडे निघालेल्या भारतीय फौजेच्या वाटेवर नळदुर्गजवळ बोरी नदीचा पूल होता. सातव्या ब्रिगेडनं अचानक झडप घालून तो शाबूत ताब्यात घेतला. नऊ वाजता चिलखती दल जळकोटला होतं, सव्वातीनला उमरग्यात. पूल आधीच उडाला असता, तर रणगाडे अलीकडच्या काठावर अडकले असते. जळकोटला नऊचे दहा वाजले असते तरी निभावलं असतं. क्रम चुकून चाललं नसतं.

हा क्रम काटेकोर मांडून तपासणारी गणिताची शाखा म्हणजे कालतर्कशास्त्र. आमिर प्नुएली यांनी १९७७ मध्ये ते संगणकाच्या प्रोग्रामना लावलं. आज लष्करी योजनाही त्यानं तपासता येतात. त्याची मुख्य हत्यारं चार: नेहमी, कधीतरी, पुढच्या क्षणी आणि तोपर्यंत. नळदुर्गची अट चौथ्या प्रकारची: पूल हाती येईपर्यंत तो उडता कामा नये.

इथे एक बारकावा आहे. वाफसा येईपर्यंत पेरायचं नाही, हा नियम वाफसा कधीच आला नाही तरी मोडत नाही. रान मात्र पडीक राहतं. म्हणून 'तोपर्यंत'ची पक्की अट दोन्ही मागते: मधल्या काळात पूल टिकावा आणि शेवटी तो हाती यावाच. दुसरा भाग योजनेत लिहायचा राहिला, तर नुसती वाट पाहत बसणंही नियमात बसतं.

पुढे एडमंड क्लार्क, ॲलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांनी अशा अटी यंत्राकडून तपासून घ्यायची पद्धत घडवली. २००७ चा ट्युरिंग पुरस्कार त्यासाठीच. बिनतारी यंत्र बंद पडलं, नदीला पूर आला, तुकडी उशिरा पोचली, अशी आराखड्यात मांडलेली प्रत्येक शक्यता यंत्र चालून बघतं. अट मोडली, तर कोणत्या घटनाक्रमानं मोडली तेही दाखवतं. मला त्यातलं हेच सगळ्यात उपयोगाचं वाटतं, कारण दुरुस्ती कुठे करायची ते तिथेच कळतं. शत्रू काय करू शकेल, हे मात्र माणसांनाच आधी आराखड्यात घालावं लागतं.

१९४८ च्या अधिकाऱ्यांकडे यातलं काही नव्हतं. १४ तारखेला उमरग्याहून राजेश्वर गावाकडे जाताना वाटेत शत्रू दबा धरून असल्याचं हवाई टेहळणीत दिसलं. तेव्हा आधी टेम्पेस्ट विमानांचा मारा, मग फौजेची चाल, असा क्रम ठरला. दुपारपर्यंत राजेश्वर ताब्यात आलं.