दाण्याचे कूट आणि ॲलर्जीचा झटका

दूध, अंडे, शेंगदाणा, काजू, तीळ, गहू, मासे : लहान मुलांतील बहुतेक अन्न-ॲलर्जी एवढ्यांतूनच येते. अहिल्यानगरच्या स्वयंपाकघरांत शेंगदाणा विशेष फसवा, कारण उसळीत, खिचडीत, वांग्याच्या रश्श्यात दाण्याचे कूट मिसळले की ते दिसत नाही. त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो. अंगावर नुसत्या गांधी उठल्या तर सहसा जिवाला धोका नसतो. आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, वारंवार उलट्या ही मात्र ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या झटक्याची लक्षणे. तान्हे बाळ एकाएकी मलूल होते, एवढीच खूण कधी कधी मिळते.

यावर पहिले औषध एकच : मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. डॉक्टर वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम देतात. उतार न पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिनचे सिरप खाज कमी करते, सुजलेला घसा मोकळा करत नाही. ओकारी काढणे तर धोक्याचेच. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावे, चालवू नये. १०८ ला फोन करावा. अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावातून थेट अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय गाठण्याचा हट्ट नको. लसीकरणानंतर असा झटका आलाच तर म्हणून ॲड्रेनॅलिन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवतात. उतार पडल्यावरही काही तास मुलाला देखरेखीखाली ठेवतात, कारण झटका उलटू शकतो.