साक्षी खोटा कीं इंधन ओलें?

यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणाऱ्या शकुंतला गाडीस १९९४ सालापर्यंत वाफेचें इंजिन होतें. १९२१ सालीं मँचेस्टर येथें घडलेलें तें धूड सत्तरांहून अधिक वर्षें टिकलें. त्याची प्रकृति बिघडली म्हणजे त्याच्या धापांवरून आम्हां पोरांनाही ती कळे. आजची मोटार आपलें दुखणें आंकड्यांत सांगते. ते आंकडे वाचणें सोपें आहे. त्यांचा अर्थ लावणें तितकेंसें सोपें नाहीं, हें मला गेल्या हिवाळ्यांत एका जुन्या पिकअपनें शिकविलें.

माझा भाचा घाटंजी तालुक्यांत शेती करितो, आणि कापसाच्या हंगामांत आसपासच्या खेड्यांतला माल जिनिंगवर पोंचविण्याचें भाडें घेतो. त्याकरितां त्यानें बारा वर्षें वापरलेली एक डिझेल पिकअप विकत घेतली होती. दिवाळीनंतर माल सुरू झाला आणि नेमकी तेव्हांच गाडीनें मान टाकली. पहांटे सेल्फ मारतां मारतां बॅटरी दमून जाई. भरल्या ओझ्यानें चढ लागला कीं इंजिन एकाएकीं हात आंखडून घेई, डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागे, आणि गाडी बैलांच्या चालीनें माथ्यावर पोंचे. मागें धूर निघे तो काळा. शिवाय लिटरमागें १३ किलोमीटर चालणारी गाडी ९ वर आली.

एका गॅरेजवाल्यानें स्कॅनर लाविला. पी-००८७ असा सांकेतिक क्रमांक निघाला. त्याचा अर्थ, रेलमधील इंधनाचा दाब कमी. त्यानें लगेच दाब मोजणारा सेन्सर बदलला व साडेआठ हजार रुपये घेतले. तीन दिवसांनीं दिवा पुनः लागला. मग भाच्याचा संशय ड्रायव्हरवर गेला. ॲव्हरेज घटलें त्या अर्थीं हा डिझेल विकतो, असें त्यानें ठरविलें आणि त्या महिन्याच्या पगारांतून दोन हजार रुपये कापले. ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. तो माझ्या ओसरीवर येऊन बसला व म्हणाला, "गुरुजी, गाडी कायाकुट्ट धूर टाकते, मी काय करू? डिझेल इकलं असतं तं तुमच्या दारात आलो असतो काय?"

युक्तिवाद म्हणून यांतील दुसरें वाक्य लंगडें होतें, हें कबूल केलें पाहिजे. पण पहिलें माझ्या मनांत रुतून बसलें. विकलेलें डिझेल धुरांड्यांतून निघत नाहीं! मीं भाच्यास म्हटलें, "गाडी विकण्यापूर्वीं व माणूस घालविण्यापूर्वीं एकवार यवतमाळास चल." तो म्हणाला, "मामा, तुम्हांला मोटारींतलें काय कळतें?" कळत नव्हतेंच, म्हणूनच जावयाचें होतें.

येथें यंत्राची थोडी ओळख करून देतों. टांकींतलें डिझेल प्रथम फिल्टरांत येतें, तेथून उच्च दाबाच्या पंपांत, पंपांतून 'रेल' नांवाच्या जाड पोलादी नळींत, आणि त्या नळींतून चार इंजेक्टरांकडे. ही 'कॉमन रेल' पद्धति प्रवासी मोटारींत प्रथम १९९७ सालीं अल्फा रोमिओ १५६ या इटालियन गाडींत आली. इंजिन उभ्या जागीं चालूं असतां रेलमध्यें सुमारें ३०० बार दाब असतो, आणि पूर्ण ओझ्यावर अशा गाड्यांत तो १६०० बारपर्यंत, म्हणजे आपल्या भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या १६०० पट, चढतो. (म्हणूनच चालूं इंजिनाची ही नळी कोणीं ढिली करूं नये, त्या धारेनें कातडी भेदून डिझेल शरीरांत शिरतें.) इंधन किती व कोणत्या क्षणीं सोडावयाचें हें एक छोटा संगणक ठरवितो. त्याला स्वतःचे डोळे नाहींत. दाब, पाण्याची उष्णता, आंत येणारी हवा, पायाखालच्या पेडलची स्थिति, हें सर्व त्याला निरनिराळे सेन्सर सांगतात. म्हणजे सेन्सर हा साक्षीदार. त्यानें "दाब कमी" अशी साक्ष दिली आणि गॅरेजवाल्यानें साक्षीदारालाच फांशी दिली.

दारव्हा रस्त्यावरच्या वृद्ध मिस्त्रींनीं गाडी रात्रभर ठेवून घेतली. आम्ही सकाळीं थंडींतच गेलों. त्यांनीं हत्यार उचललें नाहीं. इंजिन न सुरू करितां नुसती किल्ली फिरवून ते स्कॅनरवरचे आंकडे वाचीत बसले. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडींत पाण्याची उष्णता आणि आंत येणाऱ्या हवेची उष्णता एकच असावयास पाहिजे. दोन्ही १४ अंश निघाल्या, आणि शेडमधला थर्मामीटरही तेंच सांगत होता. एकानें ४० सांगितलें असतें तर तो खोटा ठरला असता. रेलमधला दाब बंद इंजिनांत शून्याजवळ पाहिजे. तोही तसाच होता. मग त्यांनीं भाच्याच्या डिकींतला काढून टाकलेला जुना सेन्सर तारेला जोडून हातांत धरला. आंकडा तोच. एवढ्यानें त्याचें निर्दोषत्व पुरतें सिद्ध होत नाहीं. परंतु नव्या साक्षीदारानेंही चढावर तीच तक्रार केली होती, हें लक्षांत घेतां जुन्यावर संशय उरला नाहीं.

"सेन्सर खरं बोलते," मिस्त्री म्हणाले, "दाब खरंच कमी आहे. आतां दाब कमी कोण करते, तें पाहा."

सेल्फ मारतांना दाब गोगलगाईसारखा वर सरकत होता. सुमारें दीडशें बारच्या खालीं संगणक इंधन सोडीतच नाहीं, त्यामुळें इंजिन नुसतें फिरत राही. मिस्त्रींनीं फिल्टर व पंप यांच्यामध्यें हातभर पारदर्शक नळी जोडली. तींतून डिझेलाबरोबर बुडबुड्यांची माळ चालली होती. या गाडीच्या टांकींत पंप नाहीं. पुढचा पंपच डिझेल ओढून आणितो. ओढणाऱ्या नळीस भेग पडली तर थेंबही बाहेर गळत नाहीं, उलट हवा आंत शिरते. म्हणून जमिनीवर डाग नव्हता व कोणाचें तिकडे लक्ष गेलें नव्हतें. टांकीवरची रबरी नळी वळणाशीं तडकलेली निघाली. रात्रीं डिझेल मागें ओसरे, आणि सकाळीं पुनः सारा प्रवास पहिल्यापासून.

नंतर त्यांनीं फिल्टराच्या तळाचा स्क्रू सैल करून कांचेच्या बाटलींत डिझेल घेतलें. खालीं दोन बोटें पाणी, वर डिझेल. मला हंसूं आलें. आमच्या तर्कशास्त्रांत पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करितात, हें संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. उलट अनुमान, म्हणजे अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हें मात्र नैयायिक मानीत नाहींत. तापलेल्या लोखंडी गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धुरास इंधन ओलें लागतें. या ओल्या इंधनास ते 'उपाधि' म्हणतात. लहानपणीं पाठ केलेली ती उपाधि साठी उलटल्यावर बाटलींत भरलेली पाहिली.

पण काळा धूर पाण्याचा नव्हे. त्याचें कारण निराळें निघालें. इंजेक्टरांतून परत जाणारें डिझेल चार बाटल्यांत धरून पाहिलें तों चारींत सारखें. ते निर्दोष होते. मग मिस्त्री गाडीखालीं शिरले. टर्बोची दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारी जाड रबरी नळी खालच्या बाजूनें फाटली होती. उभ्या गाडींत फट मिटलेली, ओझें पडलें कीं उघडे. हवा मोजणारा सेन्सर तिच्या कितीतरी आधीं बसलेला. त्यानें मोजून दिलेली हवा वाटेंतच निसटे, आणि संगणक मात्र ती पोंचली असें समजून पुरें डिझेल सोडी. हवेवांचून अर्धवट जळालेलें डिझेल काजळी होऊन निघे. चार किलोमीटर कोठें गेले याचा हिशेब तेथें लागला.

दोन नळ्या, एक फिल्टर व मजुरी मिळून खर्च सेन्सरच्या किंमतीच्या निम्माही झाला नाहीं. परत येतांना गाडी ड्रायव्हरनेंच चालविली. घाटंजीच्या अलीकडे चहाला थांबलों तेव्हां भाच्यानें खिशांतून दोन हजार रुपये काढून त्याच्यापुढें धरिले. त्यानें ते दोनदां मोजले, वरच्या खिशांत घातले, आणि चहाचे पैसे स्वतः दिले.