नागली, नाचणी आणि रागी

सिल्वासाजवळच्या सायलीत माझी धाकटी बहीण राहते. मेहुण्यांना मधुमेह निघाला आणि त्यांनी जेवणाचा धसकाच घेतला. भात बंद, गोड बंद, पंगतीतही उपाशी. मग रात्री गुपचूप फरसाण!

आहारतज्ज्ञ बाईंनी आधी काहीच बंद केले नाही. आठवडाभर खाल्लेले सारे वहीत लिहायला लावले. उत्तर वहीतच होते: दिवसभराची उपासमार रात्री फरसाणावर निघत होती.

दादरा-नगर हवेलीतील आदिवासी घरांत नागलीची भाकरी पूर्वापार चालत आलेली. शेजारच्या वारली मावशींनी बहिणीला ती थापायला शिकवली. आपली नाचणी, कन्नडमधली रागी ती हीच! शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, शिवाय भरपूर चोथा. पण तिच्यातही पिष्ट असतेच. ताटभर खाल्ली तर साखर वाढणारच. म्हणून एक भाकरी, सोबत डाळ, पालेभाजी आणि मोजका भात.

परवा गेलो तेव्हा मेहुणे सर्वांबरोबर पानावर बसले होते. गोळ्या चालूच आहेत, भीती मात्र गेली. वाचकहो, पथ्य म्हणजे अन्नाशी वैर नव्हे. आपल्या अंबलीच्या मडक्याकडे पुन्हा एकदा पाहा!