नेपो किड्सच्या गावातला आउटसायडर

नेपोटिझमवरून तुमच्या ग्रुपमध्ये किती वेळा भांडणं झालीत? आमच्या कॅन्टीनमध्ये तर नवा स्टारकिड लाँच झाला की हमखास होतात. एक जण म्हणतो, टॅलेंट असेल तर बाहेरचाही टिकतो. दुसरा म्हणतो, आधी त्याला आत तर येऊ द्या! आता अशी एक इंडस्ट्री डोळ्यांसमोर आणा, जिथे हा वाद फारसा होतच नाही, कारण तिथे रीतच तशी आहे. नायकाचा मुलगा नायक. स्टेजवरचं नाव घराण्याचं, भूमिका घराण्याच्या, एखाद्या प्रसंगात मान कशी वळवायची हेसुद्धा घराण्याचं. चारशे वर्षं हे असंच चालू आहे. जपानच्या या नाट्यप्रकाराचं नाव काबुकी.

2025 मध्ये जपानमध्ये ‘कोकुहो’ नावाचा सिनेमा आला. जवळजवळ तीन तासांचा, काबुकीवरचा, तरीही तरुण पोरांनी थिएटरं भरून टाकली. त्याचा हीरो एका गुंडाचा मुलगा. तो काबुकीच्या घराण्यात येतो आणि स्त्रीभूमिका करून मोठा होतो. ही गोष्ट काल्पनिक आहे. पण बाहेरून येऊन स्त्रीभूमिकांमध्ये सगळ्यांच्या वर पोचलेला माणूस जपानमध्ये खरोखर आहे. बांदो तामासाबुरो, पाचवे.

‘पाचवे’ का, ते सांगते. काबुकीत नाव म्हणजे गादी असते. आधीच्या चौघांनी वापरलेलं नाव तुम्हाला समारंभाने दिलं जातं, आणि ते सांभाळायची जबाबदारीही त्याच्यासोबत येते.

हा मुलगा 1950 साली टोकियोत जन्मला. घरचा व्यवसाय पारंपरिक जपानी जेवणाच्या ठिकाणाचा, म्हणजे नाटकाशी रक्ताचं नातं शून्य. त्यात लहानपणी पोलिओ झाला. पायात ताकद यावी म्हणून घरच्यांनी त्याला नाच शिकायला घातलं. व्यायाम म्हणून! पोराला नाच इतका आवडला की तो मोरिता कान्या (चौदावे) या काबुकी नटाकडे शिकायला जाऊ लागला. 1957 च्या डिसेंबरमध्ये, सातव्या वर्षी, तो पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला. भूमिका कोणती? दुसऱ्याच्या मुलाला वाचवण्यासाठी ज्याचा बळी दिला जातो, त्या लहान मुलाची. दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या जागी जाऊन उभं राहणं. योगायोग म्हणा, पण मला यात पुढची सगळी गोष्ट दिसते.

1964 मध्ये, चौदाव्या वर्षी, कान्यांनी त्याला दत्तक घेतलं आणि स्वतःचंच एक जुनं नाव त्याला दिलं: तामासाबुरो. आउटसायडर असा इनसायडर झाला.

इथे जरा थांबून मागे जायला हवं. काबुकी सुरू केलं एका बाईने. इझुमो नो ओकुनी तिचं नाव, साल साधारण 1603, गाव क्योतो. पुढे ‘नैतिकता बिघडते’ म्हणून सरकारने 1629 मध्ये बायकांना स्टेजवर बंदी केली. मग त्यांच्या जागी कोवळी मुलं आली, 1652 मध्ये त्यांच्यावरही बंदी. उरले प्रौढ पुरुष. त्यांच्यातून ‘ओन्नागाता’ तयार झाले, म्हणजे फक्त स्त्रीभूमिका करणारे नट. एका बाईने सुरू केलेली कला बायकांच्याच हातून गेली, हे वाचून मला तर रागच आला होता.

तुम्हाला एव्हाना बालगंधर्व आठवले असतील. आठवायलाच हवेत. पण आपल्याकडे स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि स्त्रीपार्टी हळूहळू इतिहासजमा झाली. जपानमध्येही आधुनिक नाटकात अभिनेत्री आल्या, काबुकीत मात्र ओन्नागाता राहिले. तोवर त्यांची एक वेगळी देहभाषाच तयार झाली होती. खांदे मागे खेचून खाली सोडायचे, पाठीची दोन्ही पाती जवळ आणायची, म्हणजे अंग बारीक दिसतं. किमोनोच्या आत गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवायचे आणि तसंच चालायचं, तेही किलोकिलोंची वस्त्रं आणि जड टोप सांभाळत. एकदा मोबाइल बाजूला ठेवून खोलीत दहा पावलं असं चालून बघा. मी पाचव्या पावलाला सोडून दिलं.

आता विचार करा, पोलिओ झालेल्या पायांनी हे रोज करायचं. काबुकीचा प्रयोग शनिवार-रविवारपुरता नसतो, एका महिन्यात सुमारे पंचवीस दिवस चालतो. वर हा मुलगा वाढत्या वयात चांगलाच उंच झाला. ओन्नागाताला उंची म्हणजे अडचण, कारण शेजारी उभा असलेला ‘हीरो’ बुटका दिसतो. म्हणजे गुडघे आणखी वाकवायचे.

1969 मध्ये युकिओ मिशिमा या गाजलेल्या लेखकाने नवं काबुकी नाटक लिहिलं. त्यातली राजकन्या होती एकोणीस वर्षांच्या तामासाबुरोकडे. तिथून त्याचं नाव झालं. ताकाओ काताओका या देखण्या नटाबरोबर त्याची जोडी जमली आणि ‘ताका-तामा’ म्हणून तिचं वेड लागलं. आपल्याकडच्या शिपिंगसारखंच समजा, फक्त सोशल मीडियाशिवाय.

पण 1975 मध्ये वडील-गुरू कान्या गेले. काबुकीत वडील नसणं म्हणजे फक्त दुःख नसतं. भूमिका शिकवणारा, तुमच्यासाठी शब्द टाकणारा माणूस जातो. तामासाबुरो तेव्हा पंचविशीत होते. म्हणजे आपल्यातल्या काही जणांचा पीजीचा निकाल लागतो, त्या वयात.

यानंतर त्यांनी स्वतःला काबुकीत कोंडून घेतलं नाही. शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ केली, डेस्डिमोना केली. पोलंडचे दिग्दर्शक आंद्रे वायदा यांनी दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’वर ‘नास्तास्या’ केलं, त्यात तामासाबुरो नायिकाही झाले आणि प्रिन्स मिश्किनही. चेलोवादक यो-यो मा यांच्यासोबत बाखच्या संगीतावर नाच केला. 2008 मध्ये चीनच्या कुन्छ्यू या जुन्या संगीत नाटकात थेट चिनी भाषेत नायिका उभी केली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

त्यांचं एकच काही बघायचं असेल तर ‘सागी मुसुमे’ बघा, बगळा-कन्येचा नाच. बर्फात पांढऱ्या किमोनोत ती उभी असते, नाचता नाचता मागून दोरे ओढले जातात आणि क्षणात किमोनोचा रंग बदलतो. शेवटी ती कमरेतून मागे वाकते, इतकी की आपलाच श्वास अडकतो, आणि बर्फात कोसळते. एरवी एखादा रसिक ऐन क्षणी घराण्याचं नाव घेऊन ओरडतो, ‘यामातोया!’ ही काबुकीची शिट्टी. नाचातल्या त्या शेवटाला मात्र ओरडावंसं वाटत नाही.

2011 मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला, 2012 मध्ये ते ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले. 2021 मध्ये ताका-तामा जोडी ‘साकुराहिमे’ या नाटकात 36 वर्षांनी परत आली. राजकन्या सतरा वर्षांची, ती साकारणारे तामासाबुरो सत्तरी ओलांडलेले.

आता लगेच ‘मेहनत केली की सगळं मिळतं’ असं स्टेटस टाकू नका. जपानच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने बाहेरच्या मुलांना काबुकी शिकवायला 1970 पासून कोर्स सुरू केला. त्यातून कितीतरी मेहनती नट आले, पण बहुतेकांच्या वाट्याला आजही साहाय्यक भूमिकाच येतात. तामासाबुरोंसाठी दार उघडलं, कारण आतल्या एकाने त्यांना मुलगा म्हटलं. रीत मोडली नाही, त्यांना तिच्यात बसवून घेतलं. मग असा माणूस, ज्याला स्वतःचं मूल नाही, आपली कला कुणाला देणार?

याचं एक उत्तर ‘आकोया’ नावाच्या भूमिकेत सापडतं. आकोया ही गणिका. फरार प्रियकराचा ठावठिकाणा ती सांगत नाही, म्हणून न्यायाधीश तिला एक अजब शिक्षा देतो: कोतो, शामिसेन आणि कोक्यू ही तीन वाद्यं वाजव. मनात खोट असेल तर सूर डगमगेल. नटाला ही तिन्ही वाद्यं स्टेजवर खरोखर वाजवावी लागतात, तेही अभिनय न सोडता. त्यामुळे ही भूमिका करणारे दुर्मीळ. थोर ओन्नागाता उताएमोन (सहावे) यांच्यानंतर अनेक वर्षं ती एकटे तामासाबुरोच करत होते.

डिसेंबर 2018 मध्ये टोकियोच्या काबुकी-झा थिएटरमध्ये काही दिवस आकोया त्यांनी केली, आणि बाकीचे दिवस दोन तरुण नटांना दिली. त्यांच्यातला एक, नाकामुरा कोतारो, उताएमोन यांच्याच घराण्यातला. बाहेरून आलेल्या माणसाने शिकवलेली भूमिका अशी पुन्हा त्या घराण्यात पोचली. त्या दिवसांत तामासाबुरो विंगेत बसून नव्हते. लाल रंगवलेला चेहरा घेऊन, कळसूत्री बाहुलीसारखे झटके देत, ते त्याच प्रसंगातला खलनायक करत होते. अडुसष्टाव्या वर्षी, पुरुषाची विनोदी भूमिका, आणि शेजारी त्यांची आकोया दुसराच कुणीतरी वाजवत होता.