अहमदनगरचा ओतारी : महंमद रूमी आणि मुलूखमैदान तोफ

महंमद बिन हुसेन रूमी हा सोळाव्या शतकात निजामशाहीच्या चाकरीत असलेला तुर्की तोफ-ओतारी. काही ग्रंथांत त्याच्या वडिलांचे नाव हसन असे दिलेले आढळते. हिजरी ९५६, म्हणजे इ. स. १५४९ मध्ये त्याने अहमदनगरात ओतलेली मलिक-ए-मैदान ही तोफ आज विजापूरच्या पश्चिम तटावरील शेर्झा बुरुजावर आहे. मराठी माणूस तिला मुलूखमैदान म्हणून ओळखतो आणि गाजणाऱ्या वक्त्यालाही तेच नाव देतो. तोफेचे नाव असे घरोघर पोहोचले, पण ती घडवणाऱ्याचे नाव मात्र फारसे कोणाच्या कानी नाही.

‘रूम’ म्हणजे तुर्की उस्मानी साम्राज्याचा मुलूख. तिकडून आलेल्या तोफखान्याच्या जाणकारांना हिंदुस्थानात ‘रूमी’ म्हणत आणि अनेकांना ‘रूमी खान’ हा किताब मिळे. त्यामुळे या नावाची माणसे एकाहून अधिक आहेत. गुजरातच्या बहादूरशहाचा तोफखाना सांभाळून पुढे हुमायूनला मिळालेला मुस्तफा रूमी खान वेगळा. अहमदनगरचा रूमी खान त्याच्याहून निराळा. बाबराने १५२६ मध्ये पानिपतावर तोफा लावल्या तेव्हाही त्याच्या पदरी मुस्तफा नावाचा एक रूमी होता. तोफविद्येतले तुर्की कसब त्या काळी जगभर नावाजलेले होते. १४५३ मध्ये उस्मानी सुलतानाने कॉन्स्टँटिनोपलचा तट फोडला तो ऑर्बन या हंगेरीकडच्या ओताऱ्याने केलेल्या अजस्र तोफांच्या बळावर. ही विद्या अरबी समुद्र ओलांडून दख्खनच्या बंदरांत उतरली आणि तेथून घाटमाथ्यावर चढली.

रूमीचा धनी होता पहिला बुऱ्हाण निजामशाह. या राजघराण्याचे मूळ परभणी जिल्ह्यात आहे. फिरिश्त्याच्या इतिहासाप्रमाणे निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी.  पूर्वजांचे गाव आपल्या ताब्यात असावे म्हणून बुऱ्हाणने ते वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितले. नकार मिळताच १५१८ मध्ये त्याने पाथरीवर स्वारी केली. गाव हातचे गेले, तेव्हा १५२७ मध्ये ते पुन्हा घेतले. एका गावासाठी दोनदा लढणाऱ्या या राजाला शेजारच्या चारही शाह्यांशी कायम झुंजायचे होते आणि किल्ले फोडणारी हत्यारे हवी होती. तोफेवरच्या फारसी लेखात त्याचा उल्लेख अबुल गाझी निजामशाह आणि पैगंबराच्या घराण्याचा सेवक असा आहे. १५३७ च्या सुमारास शिया विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने त्याने शिया पंथ स्वीकारला होता, त्याची ही खूण. त्याच तोफेवर रूमीने ही आपली कृती असल्याचे कोरून ठेवले. त्याचे नाव टिकले ते या लेखामुळे.

तोफेची लांबी सुमारे १४ फूट ४ इंच, तोंडाचे भोक २८ इंच, वजन अंदाजे ५५ टन. मोहरा सिंहासारख्या अक्राळविक्राळ श्वापदाचा असून त्याच्या जबड्यात दोन्ही बाजूंना हत्ती चिरडले जात आहेत. लोक तिला पंचधातूची म्हणतात, पण धातूचे पृथक्करण झाले तेव्हा तिच्यात ८०.४ टक्के तांबे आणि १९.६ टक्के कथील निघाले. म्हणजे हे सरळ कासे आहे. टाळ आणि घंटा ज्याच्या करतात, तेच. म्हणून बोटाने ठोकले तरी तोफ घंटेसारखी घुमते. नेहमीच्या काशाच्या तोफांत कथील याच्या निम्मेच असे, कारण कथील वाढले की धातू कठीण होतो, पण ठिसूळही होतो. रूमीने हे प्रमाण का ठेवले असावे? जास्त कथिलाचा रस कमी उष्णतेत वितळतो आणि साच्यात चांगला पसरतो. एवढा मोठा ऐवज एका दमात ओतायचा, तर हा गुण मोलाचा. ठिसूळपणाची भरपाई त्याने जाडीने केली: भोक २८ इंचांचे, तर बाहेरचा व्यास पाच फुटांच्या जवळपास.

अशा ओतकामात सर्वांत अवघड घटका रस ओतण्याची. मातीचा साचा जमिनीत पुरून भक्कम करावा लागतो. मधला गाभा जागचा तसूभर हलला, तर तोफेची एक भिंत पातळ राहते आणि पहिल्याच बाराला फुटते. साच्यात ओल राहिली, तर वाफेने रस उसळून माणसे भाजतात. ५५ टन धातू एका भट्टीत मावत नाही, म्हणजे अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार ठेवून रसाची धार अखंड सोडायला हवी. मध्ये खंड पडला की आधीचा थर थिजतो आणि तेथे सांधा उरतो. हिशेब केला तर या एका तोफेत ४४ टनांच्या आसपास तांबे आणि ११ टनांच्या आसपास कथील आहे. कथील दख्खनच्या मातीत नाही, ते समुद्रावरूनच यायचे. निजामशाहीच्या मुलखाला चौलचे बंदर होते. सरपण, भाते ओढणारी माणसे, माती मळणारे, कोरीव काम करणारे यांची नावे कोठेही नाहीत. पण इतके हात एका घटकेला एका तालात चालवणारा माणूस नुसता कारागीर नव्हे, मोठा व्यवस्थापक असला पाहिजे.

त्याच काळात विजापूरला तोफा करण्याची दुसरी रीतही होती: लोखंडी पट्ट्या लांबीला जोडून त्यांवर तापवलेली कडी ठोकून बसवायची. उपळी बुरुजावरची ३० फुटांहून लांब तोफ अशीच आहे. त्या कामाला लोहार पुरतो, ओतीव तोफेला रूमीसारखा ओतारी लागतो. मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये अंद्रेई चोखोव या रशियन ओताऱ्याने १५८६ मध्ये ओतलेली ‘झार तोफ’ आहे. तिचे भोक मुलूखमैदानपेक्षा मोठे, सुमारे ३५ इंच, पण वजन ४० टनांच्या आतबाहेर. चोखोवचे नाव रशियात प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असावे इतके जपलेले आहे. रूमीची तोफ तिच्याहून ३७ वर्षांनी जुनी आणि वजनाने सरस आहे.

हत्यार म्हणून तोफेची पारख वेगळी करावी लागते. लांबी भोकाच्या जेमतेम सहापट, म्हणजे पल्ला फार नाही. तिच्या मापाचा काळ्या दगडाचा गोळा अर्ध्या टनाच्या आसपास भरेल. तो जवळच्या तटावर आदळण्यासाठीच. माणसांच्या गर्दीवर मात्र तिच्यातून धातूचे तुकडे सोडता येत. २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या, म्हणजे राक्षसतागडीच्या विजयनगरविरुद्धच्या लढाईत बुऱ्हाणचा मुलगा हुसेन निजामशाह याचा तोफखाना चलेबी रूमी खानाच्या हाती होता. फिरिश्ता सांगतो की त्याने ६०० तोफा तीन रांगांत लावल्या: पुढे मोठ्या, मागे मध्यम, त्यामागे जंबुरे, म्हणजे हलक्या तोफा. पुढे परदेशी तिरंदाज उभे करून त्याने तोफा झाकल्या. विजयनगरची फौज जवळ येताच तिरंदाज बाजूला सरले आणि बत्ती दिली गेली. पुढे तोफांत तांब्याचे पैसे भरून मारा केला. हा चलेबी रूमी खान आणि आपला महंमद एकच, असे काही लेखक मानतात. मुलूखमैदान त्या रणात होती, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे.

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले आणि मलिक अंबरने परांड्याला नवा निजामशाह बसवला. तोफही परांड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा आणि तोफ नेल्यावर पुढच्याच वर्षी नागरगावच्या संगमावर हत्तीची तुला करणारा हाच तो मुरारपंत. हत्तीचे वजन नावेच्या साहाय्याने करण्याची युक्ती शहाजीराजांनी सुचवली, असे सांगतात. तोफेसोबत ‘कडक बिजली’ नावाची दुसरी तोफही निघाली होती, ती भीमेत बुडाल्याची आख्यायिका आहे. रस्ते, नद्या आणि ५५ टनांचा गाडा यांचा विचार केला, तर एक बुडाली यापेक्षा एक पोहोचली याचेच नवल वाटते. तिला ओढायला शेकडो बैल लागले, अशीही कथा आहे.

विजापूर मात्र तिने राखले नाही. सप्टेंबर १६८६ मध्ये शहर औरंगजेबाला शरण गेले आणि त्याने तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. कंपनी सरकारने १८२३ मध्ये ती विलायतेच्या राजाला भेट पाठवण्याचा विचार केला. वाटा वाईट म्हणून बेत राहिला. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरने विजापुरातील निरुपयोगी सामान लिलावात काढण्याचा हुकूम दिला. मुलूखमैदानवर सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची लागली. बोली फारच तुटपुंजी आहे आणि लोकांची तोफेवर श्रद्धा आहे, असे स्थानिक मामलेदाराने वर कळवले आणि सौदा रद्द झाला. त्या अधिकाऱ्याचे उपकार मोठे आहेत. नाहीतर रूमीचे काम भांड्यांत वितळून गेले असते.

तोफविद्येचा वारसा मराठवाड्याच्या किल्ल्यांवर पुढेही दिसतो. दौलताबादची मेंढा तोफ औरंगजेबाच्या काळची, तिच्यावरही महंमद हुसेन अरब या घडवणाऱ्याचे नाव आहे. नळदुर्गच्या उपळी बुरुजावर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. परांड्याच्या तटावर आजही ओतीव तोफा पाहायला मिळतात. यांतल्या किती तोफांवरचे लेख वाचून मराठीत छापले गेले आहेत, याचा शोध एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने घेण्यासारखा आहे. ऊनपावसात अक्षरे झिजत आहेत. विजापूरला गोलघुमट पाहून परतणाऱ्या वाचकांनी शेर्झा बुरुजापर्यंत जरूर जावे आणि तोफेवर निजामशहाच्या नावाबरोबर असलेले महंमद रूमीचे नावही पाहून घ्यावे.